शेजारच्या टॉवरवाल्याशी चॅनल वाटून घेतलेत का कुणी? (५ गिगाहर्ट्झ)

घाटवाट
नमस्कार मंडळी. पाटण तालुक्यात आम्ही दोघं भाऊ छोटी इंटरनेट सेवा चालवतो. डोंगराच्या सोंडेवर एक टॉवर, त्यावर चार सेक्टर (एकेका दिशेला बघणारे ॲन्टेना), खाली अकरा वाड्या, तीनशेच्या वर घरं. पाच वर्षं व्यवस्थित चाललं. दिवाळीनंतर समोरच्या सोंडेवर दुसऱ्या एका ऑपरेटरनं टॉवर उभा केला. हवाई अंतर १.८ किलोमीटर. तेव्हापासून संध्याकाळी सात वाजले की आमचे फोन वाजायला लागतात. पूर्वेच्या सेक्टरला नॉईज फ्लोअर (नको असलेल्या सिग्नलचा गोंगाट) मायनस ९३ डीबीएम असायचा, तो आता रात्री मायनस ७५ दाखवतो, म्हणजे गोंगाट खूपच वाढलाय. त्यांचा एपी (टॉवरवरचा रेडिओ) ८० मेगाहर्ट्झ रुंदीवर आहे, मध्य ५७७५. म्हणजे ५७३५ पासून ५८१५ पर्यंत सगळं त्यांचंच.

भाऊ म्हणतो, आपणही पॉवर वाढवू. मला वाटतं जाऊन बोलावं. पण बोलायचं काय? मागायचं काय, द्यायचं काय? कुणी असं बसून चॅनल वाटून घेतलेत का? टिकलं का ते?

जुना_वायरमन
भावाला आधी थांबवा. पॉवर वाढवून तुमचा एपी मोठ्यानं ओरडेल, त्याचे कान सुधारणार नाहीत. गोंगाट टॉवरवर आहे, म्हणजे ग्राहकाकडून वर येणारा सिग्नल मार खातोय. आणि तुम्ही वाढवलीत की चार दिवसांत तेही वाढवतील.

मीटरवाला
तक्रार करा की सरळ! आधी टॉवर कुणाचा होता?

सिग्नलवाली
मीटरवाला, या पट्ट्यात 'आधी कोण' याला अर्थ नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये दूरसंचार विभागानं ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ असा एकूण ६०५ मेगाहर्ट्झचा भाग परवानामुक्त केला. घराबाहेर वापरायचीही मुभा दिली. त्याबरोबर अट आहे की दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही आणि दुसऱ्याच्या त्रासापासून संरक्षण मागायचं नाही. समोरचा ४ वॉटच्या मर्यादेत असेल, उपकरण मान्यताप्राप्त असेल, तर तो नियमातच आहे. मर्यादा ओलांडत असेल तर गोष्ट वेगळी, पण ते आधी सिद्ध करावं लागेल.

घाटवाट, आता तुमचा हिशोब करू. ५.८ गिगाहर्ट्झवर १.८ किलोमीटरला मोकळ्या हवेतला ऱ्हास, म्हणजे सिग्नलची वाटेतली घट, साधारण ११३ डीबी (डेसिबल). समोरचा कायदेशीर ३६ डीबीएमवर (म्हणजे त्याच ४ वॉटवर) असेल, तुमचा सेक्टर १७ डीबीआयचा (सिग्नल १७ डीबीनं वाढवणारा) असेल आणि दोघांची तोंडं समोरासमोर असतील, तर त्याचा एपी तुमच्या एपीला मायनस ६० वर ऐकू येणार. तुमचा ४ किलोमीटरवरचा ग्राहक तेवढ्याच ३६ वर बोलला तरी तुमच्या टॉवरपर्यंत मायनस ६७ वर पोचतो. म्हणजे शेजारी तुमच्या स्वतःच्या माणसापेक्षा ७ डीबीनं मोठा ऐकू येतोय, तेही त्यानं कुठलाही नियम न मोडता. म्हणूनच इथे बोलण्याशिवाय दुसरा मार्ग मला दिसत नाही.

एकच विचारते, सेक्टरची तोंडं कुठे आहेत? साध्या सेक्टरला पाठीमागून २५ ते ३० डीबी कमी ऐकू येतं. दोघांनीही थोडं फिरवून घेतलं तर तोच मायनस ६० मायनस ८५ च्या खाली जाईल. चॅनल बदलण्याआधी पाना हातात घ्या.

घाटवाट
ताई, बरोबर पकडलंत. आमच्या पूर्वेच्या सेक्टरचं तोंड थेट त्यांच्या टॉवरकडे आहे. मधल्या खोऱ्यात दोन वाड्या आहेत, त्यांच्यासाठी तसं लावलं होतं. त्यांनीही बहुतेक त्याच वाड्यांसाठी इकडे तोंड केलंय.

शेजपाळी
हे वाचून कालव्याची आठवण झाली. आमच्याकडे पाणी सुटलं की शेजपाळीनं, शेपटाकडून माथ्याकडे. माथ्याचा शेतकरी कितीही मोठा असो, त्याचा नंबर शेवटी. नाहीतर शेपटाला थेंब पोचत नाही. चॅनलचंही तसंच करावं, आळीपाळीनं.

साक्रीकर
+१. आमच्या पांझरा खोऱ्यात फड पद्धत आहे, शेकडो वर्षांची. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली. कुठल्या फडात यंदा काय पिकवायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, एका फडात एकच पीक. पाणी फिरवायला पाटकरी, राखणीला जागल्या. सरकारनं येऊन काही केलेलं नाही, लाभधारकांनीच चालवलं. तुम्ही दोघं ऑपरेटर एका बंधाऱ्याखालचे लाभधारक आहात.

जुना_वायरमन
उपमा आवडली, पण साक्रीकर, तिथे पाटकरी असतो. दार कुणी उघडलं ते डोळ्यांना दिसतं. इथे रात्री अकरा वाजता कुणी २० चं ८० केलं तर सकाळपर्यंत कळत नाही. माझा अनुभव सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी आम्ही तीन जणांनी असंच ठरवलं होतं, तोंडी. सहा महिने छान गेले. मग एकानं नवीन मुलगा कामावर घेतला. त्यानं सगळे एपी 'ऑटो' (रेडिओनं आपणहून निवडायच्या) चॅनलवर टाकले, कारण पुस्तकात तसं लिहिलं होतं. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. दोन महिने आम्ही एकमेकांवर डूख धरून बसलो. मालकाच्या मनात खोट नव्हती, पण लेखी काहीच नव्हतं. दूध नासायला एवढं पुरतं.

त्यामुळे घाटवाट, जे ठरेल ते लिहा. आणि ऑटो चॅनल बंद, हे पहिलं कलम.

गणितशिक्षक
५७२५ ते ५८७५ म्हणजे १५० मेगाहर्ट्झ. ८० चे चॅनल बसतात १. ४० चे ३. २० चे ७, वर दहा उरतात. दोन टॉवर, प्रत्येकी चार सेक्टर. ८० वर हट्ट धरला तर दोघांना पुरणारच नाही.

वेगवान
पण सर, २० वर १०० एमबीपीएसचा प्लॅन कसा द्यायचा? लोक मोबाईलवर स्पीड टेस्ट करून स्क्रीनशॉट पाठवतात. समोरच्यानं ८० हौसेनं नाही लावलं.

सिग्नलवाली
वेगवान, ८० वर तेवढा वेग मिळतो तो हवा स्वच्छ असेल तेव्हा. रुंदी चौपट केली की एपीच्या कानात येणारा मूळ गोंगाट ६ डीबीनं वाढतो, आणि तीच पॉवर चौपट जागेत पसरते. वर त्या ८० मध्ये कुठेही कुणी बोललं तरी तुम्हाला त्रास. स्वच्छ २० वर वरच्या मॉड्युलेशनला (जास्त वेगाच्या पायरीला) बसलेले तीस ग्राहक गढूळ ८० पेक्षा संध्याकाळी सुखी असतात, हे मी दोन टॉवरवर मोजून पाहिलंय. १०० चा प्लॅन विकायचाच असेल तर जवळच्या ग्राहकांसाठी एक ४० चा सेक्टर वेगळा ठेवा.

मुक्काम_डॅलस
मी इथे टेक्सासमध्ये ग्रामीण वायरलेस कंपनीत आहे, मूळचा कराडचा. आमच्याकडे ३६५० ते ३७०० साठी पूर्वी नाममात्र परवाना असायचा. कुणालाही मिळायचा, पण प्रत्येक टॉवरची नोंद करावी लागे आणि एकमेकांना त्रास होऊ नये म्हणून सहकार्य करणं नियमानंच सगळ्यांवर होतं. नवीन टॉवर टाकण्याआधी यादी बघायची, आजूबाजूला कोण आहे त्याला फोन करायचा. माझी निम्मी नोकरी त्या फोनांवर झाली.

आता ३५५० ते ३७०० हा सगळा भाग सीबीआरएसमध्ये, म्हणजे वाटून वापरायच्या पट्ट्यात, आलाय. त्यात तीन पायऱ्या. सगळ्यात वर नौदलाची रडारं, मग २०२० च्या लिलावात ज्यांनी हक्क घेतले ते, मग आमच्यासारखे सर्वसाधारण. प्रत्येक रेडिओनं आपली जागा, उंची, ॲन्टेनाची दिशा एका संगणक प्रणालीला कळवायची आणि तिची परवानगी मिळाली तरच बोलायचं. ऐकायला छान वाटतं. पण सर्वसाधारण पायरीवरच्या दोघांना एकमेकांपासून संरक्षण त्यातही नाही. म्हणून प्रणाली आली तरी फोन काही सुटले नाहीत. शेजाऱ्याचा नंबर माझ्याकडे अजूनही सेव्ह आहे.

मीटरवाला
म्हणजे अमेरिकेतही शेवटी चहाच पाजावा लागतो :)

मुक्काम_डॅलस
कॉफी. पण हो.

रडारप्रेमी
थोडं अवांतर, पण महत्त्वाचं. मुंबई आणि आसपासच्या ऑपरेटरांनी ५६०० ते ५६५० या भागाला हात लावताना विचार करावा. सी-बँडची हवामान रडारं याच सुमाराला बोलतात, आणि वेरावलीला २०२२ मध्ये सुरू झालेलं डॉप्लर रडार सी-बँडचं आहे. एखादा एपी त्या दिशेनं बडबडत राहिला की रडारच्या चित्रात केंद्रापासून कडेपर्यंत सरळ पट्टा उमटतो. पाऊस नसतोच तिथे. मुसळधार पावसाच्या दिवशी त्या पट्ट्यामागे खरा ढग असेल तर अंदाज देणाऱ्यानं काय करायचं?

मुक्काम_डॅलस
अगदी खरं. इथे विमानतळांजवळच्या हवामान रडारांना २००९ च्या सुमारास असाच त्रास सुरू झाला, पोर्तो रिकोतल्या सान हुआनमध्ये तो आधी लक्षात आला. तेव्हा आमच्या ऑपरेटरांच्या संघटनेनं स्वतःहून नोंदवही उघडली. अशा रडारपासून ३५ किलोमीटरच्या आत बाहेरचा रेडिओ असेल तर त्यात नोंद करायची आणि रडारच्या फ्रिक्वेन्सीपासून ३० मेगाहर्ट्झ दूर राहायचं. कुठला रेडिओ त्रास देतोय हे शोधायला ती नोंदवही कामी येते.

जुना_वायरमन
आणि म्हणून डीएफएस (रडार ऐकून चॅनल सोडायची सोय) बंद करायच्या युक्त्या सांगणाऱ्यांचं ऐकू नका. रडार ऐकू आलं की रेडिओ तो चॅनल सोडतो आणि अर्धा तास तिकडे फिरकत नाही. ग्राहक ओरडतात म्हणून काही जण देश बदलून टाकतात सेटिंगमध्ये. करू नका.

उसाचा_मळा
आमच्याकडे दर वर्षी ऑगस्टनंतर चाळीस घरांचं नेट मरतं. इंटरफेरन्स म्हणून महिनाभर चॅनल बदलत बसलो. शेवटी कळलं की ऊस. लागणीच्या वेळी छपरावरून टॉवर स्वच्छ दिसतो, पुढे ऊस बारा फूट होतो, पावसानं ओला राहतो. तोड झाली की नेट परत सुरू.

सिग्नलवाली
हसू नका कुणी, हे फार होतं. १० किलोमीटरच्या लिंकला मध्यावर फ्रेनेल झोनची (सिग्नलला वाटेत मोकळी लागणारी जागा) त्रिज्या ११ मीटरच्या वर जाते. नुसता टॉवर 'दिसतो' यावर भागत नाही.

फायबरनिष्ठ
हे सगळं वाचून एकच वाटतं, फायबर टाका. भारतनेट ग्रामपंचायतीपर्यंत आलंय. वायरलेसवर किती वर्षं डोकं फोडणार?

घाटवाट
दादा, फायबर आमच्याकडेही आहे, टॉवरच्या पायथ्यापर्यंत. पण वरच्या एका वाडीत नऊ घरं. मध्ये ओढा, वनखात्याची हद्द आणि कातळ. तिथे खांब कुणाच्या पैशानं आणि कुणाच्या परवानगीनं? पावसाळ्यात रस्त्याचं काम निघालं की जेसीबीच्या एका फावड्यानं खालची तार जाते, तेव्हा त्या नऊ घरांचं नेट बॅकअप लिंकवर चालू असतं.

बाईंचा_वर्ग
मी तंत्रज्ञ नाही, ग्राहक आहे, अशाच एका वाडीतली शिक्षिका. मुलांचे अर्ज भरायचे असतात, शाळेची माहिती वर चढवायची असते, आणि ते सगळं संध्याकाळी सातनंतरच जमतं. गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचे चौदा अर्ज भरायला तीन रात्री लागल्या. फिरणारं चक्र बघत बसायचं. आमच्याकडेही दोन कंपन्या आहेत, आणि दोघांची माणसं येऊन सांगतात की दोष दुसऱ्याचा. मला दोष कुणाचा ते नको आहे हो. तुम्ही लोक एकत्र बसून बोलू शकता हेच मला आज कळलं. घाटवाट, जा आणि बोला.

शेजपाळी
बाई, तुमचा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा.

तुल्यकाल
मूळ प्रश्नाकडे. दोघांनी एकच चॅनल वापरूनही भांडण टाळता येतं, जीपीएस सिंकनं. सगळे एपी उपग्रहाच्या घड्याळावर एकाच क्षणी बोलतात आणि एकाच क्षणी ऐकतात. समोरचा एपी बोलतो तेव्हा तुमचाही बोलत असतो, त्यामुळे तो तुमच्या कानात येतच नाही. शेजपाळींनी म्हटलेली पाळी ती हीच, फक्त दर ५ मिलिसेकंदाला फिरणारी. पण अटी कडक आहेत. फ्रेमची (बोलण्या-ऐकण्याच्या एका फेरीची) लांबी तीच हवी, डाउनलोड-अपलोडचं प्रमाणही तेच. तुमचं ७५-२५ आणि त्यांचं ६६-३३ असेल तर मधला भाग एकमेकांवर आदळणार. शिवाय दोन वेगळ्या कंपन्यांची उपकरणं असतील तर बहुधा जुळतच नाहीत. अंतराचा प्रश्न तुम्हाला नाही, १.८ किलोमीटरला फक्त ६ मायक्रोसेकंद लागतात.

उपकरणं एकाच कंपनीची असतील तर सिंक. नसतील तर सरळ चॅनलची वाटणी. समोरच्याकडे काय आहे ते आधी विचारा.

जुना_वायरमन
सहमत. आणि बॅकहॉल (टॉवरला मुख्य जाळ्याशी जोडणारी लिंक) या १५० मेगाहर्ट्झमधून दोघांनीही बाहेर काढा. ५४७० ते ५७२५ मध्ये पॉवरची मर्यादा कमी आहे, पण दोन्ही टोकांना मोठी डिश असली की पाच-सहा किलोमीटर आरामात जातं, आणि डिशचा झोत अरुंद. वरचा पट्टा सेक्टरांना मोकळा राहील. रडारप्रेमींचे ५६०० ते ५६५० सोडून.

वेगवान
नवीन ६ गिगाहर्ट्झचं काय? त्यानं प्रश्न मिटेल ना?

सिग्नलवाली
मे २०२५ च्या मसुद्यात ५९२५ ते ६४२५ होतं, पण घरातली कमी पॉवर आणि बाहेरची अगदीच कमी पॉवर, एवढ्यासाठी. त्यावर सेक्टर चालवता येणार नाही. घरातला वायफाय तिकडे गेला तर तेवढा भार हलका होईल, इतकंच.

घाटवाट, जाण्याआधी एक करा. रात्री आठला दोन्हीकडून स्कॅन (कुठल्या चॅनलवर किती गोंगाट आहे त्याची नोंद) घ्या, टॉवरवरून आणि दोन-तीन ग्राहकांच्या छतावरून. टॉवरला जे ऐकू येतं ते ग्राहकाला येत नाही आणि उलटही. स्कॅन चालू असताना सेक्टर पंधरा मिनिटं बंद पडेल, ग्राहकांना आधी मेसेज टाका. ते कागद घेऊन जा. नुसत्या तोंडानं 'तुमच्यामुळे त्रास होतो' म्हटलं की समोरचा माणूस पहिल्याच वाक्याला बंद होतो.

घाटवाट
(बारा दिवसांनी)
मंडळी, जाऊन आलो.

स्टँडसमोरच्या हॉटेलात बसलो. समोरचा माणूस माझ्याच वयाचा, तोही भावाबरोबरच धंदा करतो. मी स्कॅनचा कागद काढला. त्यानं खिशातून स्वतःचा काढला. आमच्याच सेक्टरचा फोटो, लाल वर्तुळ करून. आम्ही त्याच्या एपीला मायनस ५९ वर ऐकू येत होतो. तोही महिनाभर आमच्याबद्दल तेच बोलत होता जे आम्ही त्याच्याबद्दल.

उपकरणं वेगळ्या कंपन्यांची निघाली, म्हणून तुल्यकाल यांचा सिंक बाद. ८० त्यानं लगेच सोडलं नाही. त्याच्याकडे एका हॉटेलचं मोठं कनेक्शन आहे, त्याला तेवढं लागतं. मग त्या एका ग्राहकाला वेगळी डिश लावून खालच्या पट्ट्यात न्यायचं ठरलं. डिश आमच्याकडे पडून होती, ती मी दिली. तिथून गाडी हलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्याच्या टॉवरवर, मी आमच्या, फोन कानाला. यू-बोल्ट गंजलेला, १३ चा पाना घसरत होता, शेवटी तेल सोडून फिरवला. सेक्टर थोडा थोडा उत्तरेला सरकवायचा आणि तो तिकडून आकडा वाचायचा. ७१. ७६. ८२. मायनस ८६ ला मी थांबलो. मग त्यानं त्याचा फिरवला आणि मी वाचला. खोऱ्यातल्या दोन वाड्यांपैकी जवळची एक आमच्याकडे राहिली, दुसरी त्याच्याकडे. सात घरांचे रेडिओ दोघांनी मिळून फिरवावे लागले. त्यातल्या तीन घरांचं बिल आता त्याच्याकडे जाईल. भाऊ त्यावर अजून नाराज आहे, आणि त्याचं म्हणणं अगदीच चूक आहे असं मला म्हणता येत नाही.

वाटणी अशी: खालून दोन २० आमचे, मग एक २० रिकामा, मग दोन २० त्यांचे. वरचा उरलेला भाग ज्याला लागेल त्यानं दुसऱ्याला सांगून घ्यायचा. ऑटो बंद. बॅकहॉल खाली, ५६०० ते ५६५० सोडून. बदल करायचा तर एक दिवस आधी मेसेज. बिलबुकाच्या मागच्या पानावर लिहून दोघांनी सह्या केल्या, आणि फोटो दोन्हीकडच्या कामावरच्या पोरांना पाठवला, जुना_वायरमन यांचं ऐकून.

काल रात्री साडेआठला नॉईज मायनस ८९. सात ते नऊ फक्त दोन फोन आले, त्यातला एक रिचार्जचा.

बाईंचा_वर्ग
किती बरं वाटलं वाचून! आमच्याकडच्या दोघांना ही लिंक पाठवतेय.

जुना_वायरमन
तीन घरं गेली ती भावाला डोळ्यांसमोर दिसतात, म्हणून टोचतात. त्याला सात ते नऊची फोनची यादी दाखवा, आधीची आणि आताची. आणि तिसरा कुणी खोऱ्यात आला तर?

घाटवाट
आलाच आहे. खालच्या गावात खांब उभा राहतोय, अजून रेडिओ चढलेला नाही. आम्ही दोघं उद्या सकाळी तिकडे जातोय. बिलबुक बरोबर घेतलंय.